सिनेगॉगच्या बाहेरची पडवी

केरळात कोचीच्या उत्तरेला चेंदमंगलम नावाचे गाव आहे. तेथील ज्यू लोकांचे जुने प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, आज संग्रहालय आहे. १९५० नंतर गावातले ज्यू इस्रायलला गेले आणि वास्तू ओस पडली. पुढे डागडुजी होऊन २००६ साली ती सर्वांसाठी खुली झाली.

आवारात एक शिळा उभी आहे. 'सारा, इस्रायलची कन्या' हिच्या मृत्यूची, इ.स. १२६९ ची. भारतातील सर्वांत जुन्या हिब्रू लेखांत तिची गणना होते. लेख राजाचा नाही, एका बाईचा आहे, हे आमच्या भगिनींनी ध्यानात घ्यावे! आत छतावर रंगीत कमळे कोरलेली. बायकांची जागा वर माडीवर. पण या बायका मुक्या नव्हत्या. त्यांची मल्याळम गाणी वह्यांत लिहून आईकडून लेकीकडे गेली. जात्यावर भीमाच्या ओव्या गाणाऱ्या आमच्या आयाबायांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

भारतात ज्यूंचा छळ झाला नाही, असे सांगतात. कोचीच्या राजांपुरते ते खरेच. पण ज्यूंच्या आपापसातले काय? ते पाहायला कोचीतल्या मट्टनचेरीला जावे लागते. तेथील परदेशी सिनेगॉग १५६८ चे. ते बांधणारे स्वतःला गोरे म्हणवीत आणि चेंदमंगलमसारख्या गावांतल्या जुन्या ज्यूंना काळे. गुलामीतून सुटलेल्यांचे वंशज त्यांच्याच सिनेगॉगमध्ये येत. धर्म एक, ग्रंथ एक. पण त्यांना बाकावर बसण्याची मनाई, धर्मग्रंथ वाचायला बोलावणे नाही, बेटीव्यवहार नाही. बसायचे बाहेरच्या पडवीत, जमिनीवर. हे वाचून आमच्या वाचकांना काय आठवेल ते आम्ही जाणतो.

याच समाजात १८८२ साली अब्राहम बराक सालेम जन्मले. वकील झाले, कोची संस्थानाच्या विधिमंडळात बसले. बाहेर एवढा मान, पण सिनेगॉगमध्ये बाक नाही! त्यांनी तेथे जाणे सोडले, मग मुलांना घेऊन आत सत्याग्रह केला. चवदार तळे १९२७ चे, काळाराम १९३० चे. हा माणूस त्याच काळातला. लोक त्यांना 'ज्यू गांधी' म्हणत. आम्हाला मात्र दुसरेच नाव आठवते. एकेक बंदी उठत गेली, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९६७ साली कोचीतच ते वारले.

मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेस एर्नाकुलमला जाते. सुट्टीत मुलांना घेऊन गेलात तर आधी साराची शिळा दाखवा. मट्टनचेरीला आतली झुंबरे सगळेच पाहतात. तुम्ही आत शिरण्यापूर्वी पडवीत घटकाभर थांबा, आणि सालेम कोण होते ते मुलांना तेथेच सांगा.