क्रूझ जहाजावर नोकरी : वावर गहाण ठेवण्याआधी हे तपासा

नांदेड / लातूर : हॉटेल मॅनेजमेंट करून बाहेर पडलेल्या पोरांच्या व्हॉट्सॲपवर क्रूझ जहाजावरच्या नोकरीच्या जाहिराती येतात. पगार डॉलरमध्ये, राहणं-खाणं फुकट, जग फिरायला मिळणार आणि जागा थोड्याच उरल्यात, असा बहुतेक जाहिरातींचा सूर. शेवटी आकडा येतो. दोन लाख, तीन लाख, कुठं त्याहून जास्त. मग सोयाबीनची पट्टी, घरातलं सोनं, नाहीतर वावर गहाण, असं करून मायबाप ते पैसे उभे करतात.

यात नोकरी हा प्रकार खोटा नाही. क्रूझ जहाजांवर हजारो भारतीय काम करतात. फेब्रुवारी २०२० मध्ये कोरोनामुळं जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस या एकाच जहाजावर १३२ भारतीय कर्मचारी होते. खोटा आहे तो पैशाचा आकडा. जहाजावर नोकरी लावून देतो म्हणून उमेदवाराकडून फी घेणं नियमात बसत नाही, मग ती दोन लाख असो की दोन हजार.

गोव्यात, रत्नागिरीकडं जहाजावर जाऊन आलेली माणसं गावोगाव आहेत. एजंटानं काही सांगितलं तर शेजारच्या घरात जाऊन खरं-खोटं करता येतं. आपल्याकडं समुद्रच चारशे-पाचशे किलोमीटर लांब. विचारायला माणूस नाही, म्हणून एजंट सांगेल तेच खरं वाटतं. त्यामुळं पुढच्या गोष्टी घरातल्या सगळ्यांनी समजून घ्याव्यात.

पैसे कशाचे द्यायचे, कशाचे नाही

जहाजावर काम करणाऱ्यांच्या हक्कांसाठी 'एमएलसी २००६' हा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार उमेदवाराच्या खिशातून जाणारा खर्च मोजका आहे : पासपोर्ट, वैद्यकीय तपासणीचा दाखला आणि सीडीसी, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्याचं सरकारी ओळखपुस्तक. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. करार संपल्यावर घरी परत पाठवण्याचा खर्चही मालकाचाच. प्रोसेसिंग, फाईल, मुलाखत, डिपॉझिट, सीट बुकिंग अशा कोणत्याही नावानं पैसे मागितले, तर तिथंच थांबायचं.

सुरक्षेच्या प्रशिक्षणाची फी वेगळी. ती मान्यताप्राप्त संस्थेला भरायची आणि पावती घ्यायची. एजंटाच्या फोन पे वर नाही.

आधी परवाना बघा

जहाजावर माणसं भरणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. परवाना असलेल्या कंपन्यांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाईटवर मोबाईलवरही बघता येते. तपासायचं असं :

– कंपनीचं नाव आणि परवाना नंबर यादीत जसाच्या तसा आहे का.
– परवान्याची मुदत संपली तर नाही ना.
– यादीत कंपनीचा जो पत्ता आणि फोन आहे, त्यावर आपण स्वतः फोन लावून विचारायचं. जाहिरातीतला नंबर धरायचा नाही.
– 'मी त्या कंपनीचा तालुक्याचा माणूस' असं कुणी म्हणत असेल, तर त्याचं नाव कंपनीला सांगून खात्री करायची.

मोठ्या क्रूझ कंपनीचं चिन्ह छापलेलं ऑफर लेटर मोबाईलवर दहा मिनिटांत तयार होतं. ते खरं आहे हे त्याच्या रंगावरून कळत नाही, कंपनीला विचारल्यावरच कळतं.

कागदपत्रांचा क्रम

पहिलं काम पासपोर्टचं. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये आहे. त्यासाठी दलाल लागत नाही, अर्ज ऑनलाईन भरता येतो.

नंतर परवानाधारक कंपनीची मुलाखत. ती इंग्रजीत असते. बहुतेक कंपन्या चांगल्या हॉटेलातला वर्ष-दोन वर्षांचा अनुभव बघतात आणि बऱ्याच ठिकाणी वय २१ पूर्ण लागतं. म्हणून पदवी हातात पडली की लगेच जहाज, असं सहसा होत नाही. आधी पुणे, मुंबई, गोवा किंवा हैदराबादला हॉटेलात काम केलेलं बरं.

निवड झाली की सुरक्षेचे कोर्स : समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, जहाजावरची शिस्त आणि सुरक्षा. वेटर असो की आचारी, जहाजाला आग लागली तर प्रवाशांना बाहेर काढण्याचं काम त्यालाही करावं लागतं. मग डीजी शिपिंगनं मान्य केलेल्या डॉक्टरकडं तपासणी आणि सीडीसी. जहाज अमेरिकेच्या बंदरात जाणार असेल तर सी-वन-डी व्हिसाची मुलाखत होते. तो व्हिसा द्यायचा की नाही हे वकिलात ठरवते. त्याची गॅरंटी कुठलाच एजंट देऊ शकत नाही.

कुणी 'परदेशातलं सीडीसी आठ दिवसांत काढून देतो' म्हणालं तर सावध व्हा. बनावट सीडीसी पकडलं गेलं तर गुन्हा ज्याच्या नावावर पुस्तक आहे त्याच्यावर येतो.

काम कसं असतं

पदवी असली तरी सुरुवात खालूनच. किचनमध्ये कमी किंवा हेल्पर, जेवणाच्या हॉलमध्ये असिस्टंट वेटर, नाहीतर खोल्या आवरणं. करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा. तेवढ्या काळात रविवार नाही, सण नाही. दिवसाला दहा-अकरा तास काम, तेही सकाळ, दुपार, रात्र असं तुकड्यांत. नियमानं २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी.

राहायला दोघांत एक छोटी खोली, बहुतेक वेळा जहाजाच्या खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेली. गाईचं, डुकराचं मांस शिजवावं किंवा वाढावं लागतं. माळकरी घरातल्या पोरानं हे आधीच ठरवून जावं, तिथं गेल्यावर नाही म्हणता येत नाही. घरी कुणी आजारी पडलं, वारलं, तरी जहाज समुद्रात असेल तर पुढचं बंदर येईपर्यंत उतरता येत नाही.

पगाराचा हिशेबही नीट बघावा. करारात मूळ पगार किती, टीपचा वाटा किती, तो पक्का की अंदाजे, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी दोन करारांच्या मधले घरचे दीड-दोन महिने बिनपगारी असतात. म्हणून महिन्याचा डॉलरचा आकडा बाराने गुणायचा नाही. जितके महिने जहाजावर, तितक्यानंच गुणायचं. पहिल्यांदा जाण्याचं विमानाचं तिकीट कोण काढणार हेही करारात वाचून घ्या, आणि सही करण्याआधी कराराची प्रत घरी ठेवा.

पैसे देऊन बसला असाल तर

लाजून गप्प बसू नका. ऑनलाईन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे सापडणं अवघड. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, फोन पे च्या पावत्या, ऑफर लेटर, एजंटाचा नंबर यातलं काहीही डिलीट करू नका. हे सगळं घेऊन आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. दुसरी तक्रार डीजी शिपिंगकडं करा. रोख पैसे दिले असतील तर कधी, कुठं, कुणासमोर दिले ते आठवून आजच कागदावर लिहून ठेवा. 'अजून पन्नास हजार भरा, मग व्हिसा येतो' असं एजंट म्हणत असेल, तर ते पन्नास हजार देऊ नका.