पुण्याच्या पाचोळ्यातून परसबाग

फाल्गुन सरत आला की पुणे शहराच्या जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा उभे असलेले वड, पिंपळ व बदाम पाने टाकू लागतात. सकाळी झाडून काढलेली जागा दुपारपर्यंत पुन्हा भरते, आणि पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी त्या ढिगाला काडी लावली जाते. त्याच गल्लीत एखादा गृहस्थ बंगल्यामागच्या गुंठाभर जागेत भाजी लावण्यासाठी खताची पोती विकत आणीत असतो. आणि शहराबाहेर हवेली, मुळशी वा पुरंदर तालुक्यात सेंद्रिय द्रव्याला पारखी झालेली जमीन पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये तडकत असते. या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून फार दूर नाहीत.

इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने, मागणी असल्यास रहिवाशांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. असा नमुन्याचा तुकडा आपल्या हिशेबाने सुमारे अडीच गुंठ्यांचा असतो. तेथील बागवान जुन्या खिडक्यांच्या काचा, मोडकी दारे, फळ्या असे टाकाऊ सामान जमवूनच आपली बाग उभी करीत आले. पुण्यात अशा तुकड्यांची पद्धत नाही. येथे परसू, गच्ची, शाळेचे आवार किंवा गृहरचना संस्थेच्या कुंपणालगतची पट्टी एवढीच जागा मिळते. परंतु फुकट सामग्रीच्या बाबतीत हे शहर कोणत्याही शहराला हार जाणार नाही.

सर्वांत पहिला मान पाचोळ्याचा. तो जाळण्यात खताचे नुकसान तर आहेच, शिवाय तो गुन्हाही आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर केर जाळणाऱ्याकडून ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याकडून २५,००० रुपये वसूल करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी पुण्यात 'ब्राऊन लीफ' या नावाने नागरिकांचा उपक्रम सुरू झाला. ज्याच्याकडे पाचोळा जास्त आहे त्याने तो पोत्यांत भरून ठेवावा व ज्याला हवा त्याने तो न्यावा, इतकी साधी ही व्यवस्था आहे. आपल्या वस्तीतही असे करण्यास परवानगीच्या कागदाची गरज नाही. झाडलोट करणाऱ्याशी आदल्या दिवशी बोलावे, आपली रिकामी पोती द्यावीत आणि ठरल्या वेळी न चुकता पोती उचलावीत. एकदा शब्द मोडला की दुसऱ्या वर्षी कोणी पाने ठेवीत नाही. मात्र टेकड्यांवरील पाचोळा आणू नये. तो तेथील मातीचा हक्क आहे. तो नेला तर पावसाळ्यात टेकडीची माती ओढ्यात येते. निलगिरीची पाने तर ओळखून वेगळीच काढावीत, कारण त्यांतील द्रव्यांमुळे कोवळी रोपे खुरटतात.

दुसरी सामग्री रसवंतीगृहांतील उसाचे चिपाड. उन्हाळ्यात रसवंतीवाल्याला त्याची अडचणच होते. चिपाडात कर्ब फार व नत्र थोडा, आणि साखरेचा अंश राहिल्यामुळे मुंग्या लागतात. म्हणून ते ताजेच आणून बोटभर तुकडे करावेत व शेणकाल्यात एक दिवस भिजत ठेवावे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक आणि 'प्रयोग परिवारा'चे प्रवर्तक श्रीपाद दाभोळकर (१९२४–२००१) यांनी या कामासाठी जे 'अमृत जल' सांगितले ते करण्यास सोपे आहे. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र व ५० ग्रॅम काळा गूळ घालून मिश्रण तीन दिवस दिवसातून तीनदा ढवळावे आणि चौथ्या दिवशी दहापट पाणी मिसळून वापरावे. दाभोळकरांच्या या विचारावर पुढे मुंबईत, त्या वेळच्या पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर, २००२ च्या सुमारास तेथीलच उरल्यासुरल्या अन्नावर फळझाडे व भाज्यांची बाग उभी राहिली.

खताच्या ढिगात कर्ब व नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० ला एक असावे असा सर्वसाधारण नियम आहे. कोरड्या पानांत ते साधारण ४० ते ८० ला एक, चिपाडात शंभर किंवा अधिक, तर भाजीच्या देठापाल्यात १५ ते २० ला एक असते. म्हणूनच तीन घमेली पाचोळ्याला एक घमेले ओला पाला हे मान बरोबर जमते. ओला पाला मंडईत व गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हवा तितका पडलेला असतो. सकाळचा बाजार उठता उठता गेले म्हणजे तो कुजलेला मिळत नाही. अमृततुल्य चहाच्या दुकानांतील चोथ्यात नत्र चांगला असतो. तो धुऊन त्यातील दूध-साखर काढावी. गणेशोत्सवात गोळा होणारे निर्माल्यही चालते, पण दोरा, जरी व प्लॅस्टिक वेचून काढण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळून चालत नाही. ढीग मीटरभर लांब, रुंद व उंच असावा. तो मुठीत दाबलेल्या ओल्या फडक्याइतका दमट ठेवून पंधरा दिवसांनी उलटावा; तीन ते चार महिन्यांत खत तयार होते.

भवानी पेठेतील लाकूडबाजारात भुसा मिळतो, पण तेथे हात आखडता घ्यावा. भुशात कर्बाचे प्रमाण तीनशे ते पाचशेला एक असते. तो कच्चा मातीत मिसळला तर जमिनीतील नत्र तोच खातो आणि मेथी पिवळी पडते. शिवाय प्लायवूडचा भुसा कोणता व साध्या लाकडाचा कोणता हे पोत्यात भरल्यावर ओळखता येत नाही. प्लायवूडमध्ये रासायनिक डिंक असतो. स्वतःच्या डोळ्यांदेखत साधे लाकूड कापले जात असेल तरच भुसा आणावा, तोही वाटेवर पसरण्यासाठी.

शहाळ्यांचे तसेच. त्यांतील काथ्या ओल धरून ठेवतो, म्हणून वाफ्याच्या तळाशी त्यांचे तुकडे घालणे फार चांगले. आधी ते दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून ते पाणी ओतून टाकावे, म्हणजे क्षार व तुरट अंश निघून जातो. परंतु आणलेली शहाळी पावसाळ्यात उघड्यावर ठेवून देणे म्हणजे डेंग्यूच्या डासाला घर बांधून देणे होय. ज्या दिवशी आणावीत त्याच दिवशी फोडावीत, नाहीतर आणूच नयेत.

वाडे पाडताना निघणाऱ्या विटांनी वाफ्याची कड सुरेख होते. विटेला चिकटलेला चुना मात्र खरवडून काढून बाहेर टाकावा. पुण्याकडची काळी माती मुळातच चुनखडीची व विम्लतेकडे झुकणारी आहे. तिच्यात आणखी चुना गेला की लोह पिकास लागत नाही आणि कोवळी पाने शिरा सोडून पिवळी दिसू लागतात. जुन्या रंगविलेल्या दारांच्या फळ्याही नकोत, कारण जुन्या तैलरंगात शिसे असते. भोसरी-चाकणकडील कारखान्यांतून माल ठेवण्याच्या लाकडी चौकटी, ज्यांना पॅलेट म्हणतात, त्या मागितल्यास मिळतात. त्यांवर रोमन लिपीत 'एचटी' असा छाप असेल तर लाकूड केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. 'एमबी' असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडच्या विषारी धुरीतून गेलेले असते. ते घेऊ नये. छापच नसेल तर त्या लाकडावर काय झाले ते सांगता येत नाही, म्हणून तेही नको.

कीटकनाशकाचा डबा, मग तो कितीही धुतलेला असो आणि त्यावरील त्रिकोण लाल असो वा हिरवा, भाजीसाठी किंवा पाण्यासाठी कधीही वापरू नये. ही सूचना शहरापेक्षा खेड्यात अधिक वेळा द्यावी लागते. कारखान्यातील पिंपात पूर्वी काय होते हे लिहिलेले नसेल तर ते पिंपही त्याच जातीचे समजावे.

गच्चीवर वजनाचा हिशेब आधी करावा. दहा फूट लांब, चार फूट रुंद व एक फूट खोल वाफा ओल्या मातीने भरला तर त्याचे वजन सुमारे दोन टन होते. म्हणून गच्चीवर विटा व निव्वळ माती नेऊ नये. पाचोळा व चिपाडाचे खतच मुख्य ठेवून वरचा थर तेवढा मातीचा द्यावा, आणि तेही इमारतीच्या जाणकाराला विचारून.

फुकट सामान शोधताना एक गोष्ट विसरली जाते. डबे, बाटल्या, पत्रा व प्लॅस्टिक यांवर शहरातील कचरावेचकांचे पोट चालते. त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ मध्ये पुण्यात उभी राहिली. पाचोळा, चिपाड व पाला यांना भंगारात किंमत नाही, ते बागवानाने खुशाल न्यावे. डबा किंवा पिंप हवे असेल तर भंगारवाल्याकडून दोन पैसे देऊन घ्यावे.

आता शेतकऱ्याचा भाग. कोरड्या पानांचे मोठे पोते जेमतेम सहा ते दहा किलो भरते, त्यामुळे केवळ पाचोळ्यासाठी गाडी पाठविणे परवडत नाही. पण गुलटेकडीला भाजी उतरवून परतणारा टेम्पो रिकामाच जातो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने एखाद्या गृहरचना संस्थेशी वार ठरवून दिला तर फाल्गुन ते वैशाख या काळात दर फेरीस दहा-वीस पोती सहज येतील. पुरंदरमधील अंजीर किंवा सीताफळाच्या दोन मीटर व्यासाच्या आळ्यास अशी दोन ते तीन पोती पुरतात. पाने आठ सेंटीमीटर जाडीने पसरावीत, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी आणि वर थोडी माती टाकावी, म्हणजे उन्हाळी वाऱ्याने ती उडत नाहीत. पोते रिकामे करताना काचेचे तुकडे व पिशव्या आधी वेचाव्यात. आणि रिकामी पोती पुढच्या फेरीस परत न्यावीत. देणाऱ्याजवळ ती नसली तर पाचोळा पुन्हा रस्त्याच्या कडेला जातो.