‘जाडजूड घाल’ म्हणण्याआधी

लिफ्ट केलेल्या जीप रँग्लर ‘जेके’च्या पोटाखाली एखाद्या दिवशी काळ्या ग्रीसचा पट्टा दिसतो. थेंब नव्हे, गोफणीतून उडावा तसा फिरत्या शाफ्टभोवती एका रेषेत उमटलेला पट्टा. ट्रान्सफर केसकडच्या जॉइंटचा रबरी बूट फाटलेला असतो. मित्रमंडळींचा निकाल तयारच असतो: ‘कंपनीचा प्रोपेलर कच्चा, जाडजूड घाल.’ (आपल्या गॅरेजांत या दांड्याला प्रोपेलरच म्हणतात. जहाजवाल्यांनी रागावू नये.)

शाफ्ट कच्चा नसतो. त्याला दिलेला कोन त्याचा नसतो. २००७ ते २०१८ या मॉडेल-वर्षांच्या आणि भारतात २०१६ पासून विकल्या गेलेल्या जेकेच्या पुढच्या शाफ्टला दोन्ही टोकांना पिंजऱ्यात पोलादी गोळ्या असलेले सीव्ही जॉइंट आहेत. कंपनीच्या उंचीवर ते लोण्यासारखे फिरतात. लिफ्टमुळे चेसिस आणि तिच्यासोबत ट्रान्सफर केस वर जाते, अ‍ॅक्सल मात्र जागेवरच राहतो. शाफ्टचा उतार वाढतो, बूट घडीत चेंगरून फाटतो, ग्रीस उडतं, माती आत जाते. त्याच उंचीला पुन्हा तसलाच नवा शाफ्ट बसवला तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तोच पट्टा.

म्हणून बदली शाफ्टमध्ये बहुधा ट्रान्सफर केसकडे जोडक्रॉस, म्हणजे डबल कार्डन, आणि अ‍ॅक्सलकडे एक क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, असतो. ‘दोन्हीकडे एकेक क्रॉस पुरे, स्वस्तात काम’ असंही ऐकू येतं. पण एकटा क्रॉस वाकड्या कोनात सारख्या वेगाने फिरवत नाही. कोन २० अंशांचा असेल तर पलीकडचा भाग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे ६ टक्के पुढे पळतो आणि दोनदा तितकाच मागे पडतो. दुसऱ्या टोकाला नेमका तेवढाच कोन असेल तर ही चूक फिटते. जोडक्रॉस आपली चूक आपल्यातच फेडतो. मात्र मग अ‍ॅक्सलकडच्या एकट्या क्रॉसला जवळपास सरळ राहावं लागतं, म्हणजे पिनियनचं (शाफ्ट जिथे जोडला जातो त्या दातेरी दांड्याचं) नाक ट्रान्सफर केसकडे वळलेलं हवं.

खरी गोची इथे आहे. मागच्या अ‍ॅक्सलचं नाक हवं तितकं उचलता येतं. पुढच्या अ‍ॅक्सलचं उचललं की त्याच हौसिंगला जोडलेले स्टिअरिंगचे नकलही (चाक वळवणारे सांधे) फिरतात आणि कास्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. गाडी हायवेवर भरकटायला लागते. माझं मत विचाराल तर कास्टर आधी जपा, उरलेल्यात पिनियनचं भागवा. थोडी थरथर चालेल, भरकटणारी गाडी नको.

‘जाड पाइप घातला की व्हायब्रेशन जातं’ हे अर्धसत्य आहे. पाइपची भिंत जाड केली तर पीळ आणि दगडाचे ठोके सोसायची ताकद वाढते. वेगात शाफ्ट लवण्याचा प्रश्न मात्र तिने फारसा सुटत नाही. तो व्यास आणि लांबीवर ठरतो. व्यास वाढवला तर शाफ्ट एक्झॉस्टच्या नळीला घासू शकतो, त्यामुळे आधी खाली वाकून जागा बघा.

क्रॉसचंही तसंच. १३१० मापाच्या क्रॉसची टोपी १.०६२ इंचांची, १३५० ची १.१८८ इंचांची. मोठा क्रॉस मजबूत, यात वाद नाही. पण रँग्लरच्या ‘रुबिकॉन’ आवृत्तीची लो रेंज गिअरबॉक्सचा टॉर्क आणखी चौपट करते. चाक दगडात अडकलं असताना तो टॉर्क काहीतरी मोडणारच. क्रॉस मोडला तर तो बदलता येतो. क्रॉस टिकला आणि ट्रान्सफर केस किंवा क्राउन-पिनियन गेलं, तर गाडी टोवरच घरी येते.

‘टू-व्हीलवर असताना पुढचा शाफ्ट विश्रांती घेतो’ हे जेकेला लागू नाही. चाकं त्याला फिरवतच राहतात. ३२ इंची टायर आणि ४.१० चा अ‍ॅक्सल असेल तर ताशी १०० किलोमीटरला तो मिनिटाला २,६०० हून जास्त फेरे घेतो. म्हणून बॅलन्सिंग केलेलाच शाफ्ट घ्या.

लांबीचं माप गाडी रॅम्पवर टांगून घेऊ नका. चारही चाकं जमिनीवर हवीत. नंतर अ‍ॅक्सल पूर्ण लोंबू द्या आणि स्प्लाइन (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा खाचांचा जोड) किती बाहेर येते ते पाहा, पूर्ण दाबावर आत किती जागा उरते तेही.

आणि थरथरीसाठी नवा शाफ्ट मागवणार असाल, तर त्याआधी एक करा. स्प्लाइनच्या दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढा, जुना शाफ्ट काढून ठेवा आणि फक्त टू-व्हीलवर हायवेला एक फेरी मारा. थरथर तशीच राहिली तर दोष बहुतेक टायर, रिम किंवा मागच्या शाफ्टमध्ये आहे. पुढच्या शाफ्टचे पैसे वाचले.