तातडीच्या घडीला दूरध्वनीवरील समुपदेशन

मनाचा त्रास पुष्कळदा रात्री बळावतो, आणि तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ असलाच तरी त्याचा दवाखाना त्या वेळी बंद असतो. या साध्या अडचणीतूनच दूरध्वनीवरील तातडीच्या मानसिक आरोग्यसेवेची गरज निर्माण होते. केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात घोषित केलेली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झालेली 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकांवर चोवीस तास विनामूल्य मिळते. बंगळुरूची 'निम्हान्स' ही तिची शिखर संस्था असली, तरी प्रत्यक्ष संभाषण राज्याराज्यांतील कक्षांतून चालते. भाषा निवडली की फोन प्रशिक्षित समुपदेशकाकडे जातो, गरज भासल्यास तोच फोन मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे सोपवला जातो, आणि प्रत्यक्ष तपासणी आवश्यक असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे किंवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे रुग्णाला पाठवले जाते.

फोन करणारी व्यक्ती आपल्या मनातले सुरुवातीलाच बोलून दाखवते असे क्वचितच घडते. झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही, कामात लक्ष नाही, अशा शरीराच्या आणि दिनक्रमाच्या तक्रारींपासून बोलणे सुरू होते, आणि कित्येकदा फोन स्वतःसाठी नसून 'भावासाठी विचारायचे होते' असे सांगितले जाते. अशा वेळी समुपदेशक घाईने उपदेशाकडे वळत नाही. 'ताई, सावकाश सांगा, मी ऐकतोय' एवढे म्हणून तो थांबतो. नाव सांगायचे नसेल तर आग्रह धरत नाही, पण समोरची व्यक्ती या क्षणी कोठे आहे, घरात आणखी कोण आहे आणि फोन तुटल्यास पुन्हा त्याच क्रमांकावर संपर्क साधावा का, हे मात्र आरंभीच विचारून ठेवतो. मधली शांतता भरून काढण्याचा मोह टाळणे हा या कामातील सर्वांत अवघड भाग म्हणावा लागेल, कारण दूरध्वनीवर चेहरा दिसत नाही आणि श्वासाची लय, दाबून धरलेला हुंदका, मागे चालू असलेला दूरचित्रवाणीचा आवाज, एवढ्यावरूनच परिस्थितीचा अंदाज बांधावा लागतो.

त्यानंतर तो प्रश्न येतो, जो घरातली माणसे सहसा विचारत नाहीत: 'जीव द्यावा असे मनात येते का?' हा प्रश्न उघडपणे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही सर्वत्र आढळणारी समजूत संशोधनाने चुकीची ठरवली आहे. उलट, इतके दिवस एकट्याने वाहिलेली गोष्ट कोणीतरी न दचकता उच्चारली, याने अनेकांना मोकळे वाटते. उत्तर होकारार्थी आले तर पुढचे प्रश्न क्रमाने विचारले जातात: हा विचार केव्हापासून आहे, काही ठरवले आहे का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का, आणि जिवाला अपाय करता येईल असे काही हाताशी आहे का. या विचारपूसेला जोखमीचे मूल्यमापन म्हणतात. तिचा हेतू व्यक्तीवर शिक्का मारण्याचा नसून पुढच्या काही तासांत काय करायचे हे ठरवण्याचा असतो.

आत्महत्येची तीव्र ऊर्मी बहुधा फार काळ टिकत नाही, ओसरते, आणि तेवढा वेळ पार पडला तर मदतीला वाव मिळतो, या निरीक्षणावर तातडीचे समुपदेशन उभे आहे. म्हणून शेतकरी कुटुंबातील फोन असेल तर कीटकनाशकाचा डबा शेजाऱ्याकडे किंवा कुलूपबंद खोलीत ठेवायला सांगणे, शेजारच्या काकूंना किंवा मोठ्या भावाला त्याच वेळी घरात बोलावून घेणे आणि रात्रभर त्या व्यक्तीला एकटे न सोडणे, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर समुपदेशक अतिशय नेटाने बोलत राहतो. धोका तत्काळ असेल तर १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२ ची मदत मागवावी लागते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा हक्क मानतो, तथापि जिवावरचा धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती देण्यास त्यात मुभा आहे, आणि ही मर्यादा फोन करणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगणे हाच प्रामाणिकपणा होय.

पोलीस केस होईल या भीतीने अनेक कुटुंबे अजूनही फोन करायला कचरतात. याच अधिनियमाच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन करण्याचे कर्तव्य शासनावर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ त्या रूपात उरलेलेच नाही. ही माहिती गावोगावच्या आरोग्य केंद्रांत फोनच्या क्रमांकाशेजारीच लावलेली असायला हवी.

या सेवेचे खरे स्थानिकपण मात्र भाषेपुरते नाही. कोणत्या उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी भरतो, तेथे गोळ्या मिळतात की बाहेरून घ्याव्या लागतात, सकाळची एसटी किती वाजता सुटते, हे समुपदेशकाला ठाऊक असेल तरच 'उद्या डॉक्टरांना दाखवा' या वाक्याला अर्थ येतो. अन्यथा रात्रभर धीर दिलेल्या माणसाला सकाळी पुन्हा एकटे सोडल्यासारखे होते. पाठपुराव्याचा फोन त्यासाठीच असतो. रुग्ण तेथे पोहोचला का, कोणी सोबत गेले का, औषध सुरू झाले का, हे त्यात विचारले जाते, आणि डॉक्टर रजेवर असल्याने तो परत आला असेल तर जवळचे दुसरे रुग्णालय व पुढचा वार त्याच संभाषणात ठरवून दिला जातो.