परसांतील खोलींत वीज



ज्यांच्या बंगल्यामागें थोडीबहुत मोकळी जागा आहे, त्यांच्याकडे परसांत एक पत्र्याची खोली बहुधा असतेच. कुदळ, फावडें, झारी, रबरी नळी आणि फुटक्या कुंड्या यांचें तें घर. पुढें घरांतील कोणास सुतारकामाचा छंद लागतो, विहिरीवर पंप बसतो, गवत कापण्याचें यंत्र येतें, आणि या खोलींत वीज हवी असें ठरतें. मग स्वयंपाकघराच्या खिडकींतून एक लांब वायर बाहेर निघते, पेरूच्या फांदीवरून जाते आणि पत्र्याच्या भोकांतून आंत शिरते. ‘तात्पुरती’ म्हणून घातलेली ही वायर चार पावसाळे तशीच राहते.

असें करण्यांत आळस असतो हें खरें. पण त्याहून अधिक असते ती एक चुकीची समजूत. घरांत एम.सी.बी. आहे, तेव्हां कांहीं बिघडलें तर तो पडेल, अशी ती समजूत होय. एम.सी.बी. हा तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. 16 अँपिअरचा एम.सी.बी. 16 अँपिअरच्या वर प्रवाह गेला म्हणजे जागा होतो. आतां परसांतील माणूस पाहा. पावसाळ्याचे दिवस, पाय अनवाणी, खालीं ओली माती, हात ओले. अशा स्थितींत शरीराचा विरोध सुमारें 1000 ओह्‌म धरला, तर 230 व्होल्टच्या दाबानें त्यांतून 0.23 अँपिअर प्रवाह जाईल. हृदयाचा ठोका कायमचा चुकविण्यास एवढा प्रवाह पुरेसा आहे, परंतु एम.सी.बी.च्या हिशेबीं तो 16 अँपिअरचा जेमतेम सत्तरावा हिस्सा. एका लहानशा दिव्याएवढें हें ओझें त्याच्या खिजगणतींतही येत नाहीं.

घरांत कोरड्या फरशीवर चप्पल घालून आपण वावरतों, म्हणून तेथें कित्येक चुका पचून जातात. परसांत माणूस जमिनीशींच जोडलेला असतो. म्हणून या खोलीची आंखणी दिवा कोठें आणि बटण कोठें या प्रश्नापासून न करतां जमिनीपासून करावी, असें माझें म्हणणें आहे.

‘आम्ही खोलीपाशीं अर्थिंगचा खड्डा केला आहे,’ असें कित्येक गृहस्थ समाधानानें सांगतात. चांगली गोष्ट, पण एवढ्यानें भागत नाहीं. समजा, त्या खड्ड्याचा विरोध 20 ओह्‌म आहे. मुरमाड किंवा खडकाळ जमिनींत तो याहूनही अधिक भरेल. पंपाच्या आंतील तारेचें वेष्टन झिजून ती लोखंडी अंगास टेकली, तर 230 भागिले 20 म्हणजे 11.5 अँपिअर प्रवाह जमिनींत जाईल. 16 अँपिअरचा एम.सी.बी. स्वस्थ राहील, आणि पंपाचें अंग जवळजवळ पुऱ्या दाबानें जिवंत राहून कोणाच्या तरी हाताची वाट पाहील!

हा घोटाळा दूर करतो तो आर.सी.सी.बी. त्याची युक्ति मोठी सुबोध आहे. फेजच्या तारेनें जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलनें परत आला पाहिजे. दोन्ही तारा लोखंडी गाभ्याच्या एका कड्यांतून नेलेल्या असतात. जमाखर्च जुळला कीं त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांस खाऊन टाकतात. कांहीं प्रवाह माणसाच्या किंवा यंत्राच्या अंगावाटे जमिनींत गेला, कीं हिशेब चुकतो आणि स्विच तुटतो. माणसाच्या रक्षणासाठीं 30 मिलिअँपिअरचा घ्यावा. वर सांगितलेल्या 230 मिलिअँपिअरच्या गळतीस तो सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आंत प्रवाह तोडतो. धक्का बसतच नाहीं असें नव्हे. पण तो बहुधा प्राणावर बेतत नाहीं. मात्र एका हातांत फेज आणि दुसऱ्या हातांत न्यूट्रल धरणाऱ्यास तोही वांचवूं शकत नाहीं, कारण त्याच्या दृष्टीनें हिशेब बरोबरच असतो.

हा 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. खोलींतच बसवावा. घराच्या मुख्य पेटींत तसाच एक असेल, तर खोलीची केबल त्याच्यामागून घेऊं नये. नाहीं तर ओल्या पंपापायीं सारें घर अंधारांत बसेल. तिच्यासाठीं स्वतंत्र एम.सी.बी. आणि किंचित विलंबानें तुटणारा 100 मिलिअँपिअरचा वेगळा आर.सी.सी.बी. ठेवावा. खोलींतही दिवा आणि प्लग यांस वेगवेगळे आर.सी.सी.बी. असावेत. करवत फिरत असतांना प्लगच्या दोषानें दिवाही जावा, याइतकें वाईट कांहीं नाहीं.

आतां केबल. घर ते खोली 30 मीटर अंतर आहे आणि पंप एक अश्वशक्तीचा आहे असें धरूं. असा पंप सुरू होतांना क्षणभर सुमारें 30 अँपिअर ओढतो. जातां-येतां 60 मीटर तांब्याची तार 1.5 चौरस मिलिमीटरची असेल, तर त्या क्षणीं वाटेंतच 22 व्होल्ट खर्च होतील. संध्याकाळीं आधींच दाब उतरलेला असतो. त्यांत ही भर पडली कीं पंप नुसता घुमतो, फिरत नाहीं, आणि आंतील गुंडाळी जळते. 4 चौरस मिलिमीटरच्या तारेंत हीच तूट 8 व्होल्टवर येते. थोडे पैसे अधिक लागतात, पण एका जळालेल्या पंपाच्या दुरुस्तींत ते वसूल होतात.

केबल तीन तारांची, पोलादी चिलखताची असावी आणि जमिनीखालीं सुमारें अडीच फूट पुरावी. खालींवर वाळू, आणि वाळूवर विटांची एक ओळ. पुढें कोणी तेथें आळें खणूं लागला तर कुदळ आधीं विटेवर आदळेल. वीट फोडून ती खालीं गेलीच, तर अर्थला जोडलेलें चिलखत फेजच्या आधीं तिच्या आड येईल. यासाठीं तें चिलखत अर्थला नीट जोडलेलें हवें, आणि नेमकी हीच जोडणी घाईंत राहून जाते. घराची अर्थ तार केबलमधून खोलीपर्यंत न्यावी, आणि पत्रे व सांगाडा तिला जोडावेत.

आंतील कामाबद्दल फार सांगण्यासारखें नाहीं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच दाराशीं, प्लग जमिनीपासून चार फुटांवर, दिवा बंद आवरणाचा. पत्र्याच्या भोकांत रबरी कडें घातल्याशिवाय वायर ओढूं देऊं नये. वाऱ्यानें हलणारा पत्रा सुरीसारखा कापतो.

हें काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घ्यावें. चर बुजविण्यापूर्वीं केबलच्या वाटेचा, भिंतीपासूनचीं मापें टाकून, एक नकाशा काढावा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवावा. आर.सी.सी.बी.वरील चांचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. दाबूनही स्विच तुटला नाहीं, तर तो बदलेपर्यंत खोलीचा पुरवठा घरांतील पेटींतूनच बंद ठेवावा.