कुहिलीची शेंग आणि हाताचा कंप

कुहिली आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. पावसाळ्यात कुंपणावर तिचा वेल चढतो, थंडीत शेंगा पिकतात आणि त्यांवरची बारीक कुसे अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो. म्हणून तिला खाजकुइलीही म्हणतात. या वेलीच्या बियांत हाताचा कंप कमी करणारे द्रव्य आहे. परंतु तिची पूड घरी करून घेणे धोक्याचे आहे. असे का, ते समजून घेऊ.

वय झाले म्हणून सोडू नका

हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो, बोटे गोळी वळल्यासारखी हलतात, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जाते, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. घरातली माणसे म्हणतात, "वय झाले." पण हा पार्किन्सनचा आजार असू शकतो. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नाश पावल्याने तो होतो. आयुर्वेदात याच्याशी जुळणारे वर्णन 'कंपवात' या नावाने येते.

मात्र प्रत्येक कंप पार्किन्सनचा नसतो. चहाचा कप उचलतानाच हात कापत असेल, तर तो बहुधा निराळा कंप असतो व त्याचे औषधही निराळे असते. थायरॉइडच्या दोषाने किंवा काही औषधांनीही हात कापतात. म्हणून आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे.

मुंबईत झालेले काम

कुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हे मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी 1937 साली दाखवून दिले. लेव्होडोपा मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. पुढे 1960 नंतरच्या दशकात हेच द्रव्य पार्किन्सनवरचे मुख्य औषध ठरले.

मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी कुहिलीच्या बियांची पूड रुग्णांना देऊन पाहिली व 1978 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डॉ. वैद्य यांनी पुढे जुहू येथील भारतीय विद्या भवनाच्या आयुर्वेद संशोधन केंद्रातही दीर्घकाळ काम केले. कुहिलीपासून केलेली एक प्रमाणित पूड 60 रुग्णांना 12 आठवडे देण्यात आली. त्यांच्यात सुधारणा दिसल्याचे 1995 साली प्रसिद्ध झाले.

मग घरीच पूड का करू नये?

आपण शेतकरी आहोत, आपल्याला हे लवकर पटेल. एकाच वाणाचा ऊस दोन शेतांत सारखा गोड होत नाही. कुहिलीचेही तसेच आहे. जात, जमीन व हवामान यांप्रमाणे बियांतले लेव्होडोपा कमीजास्त होते. चमचाभर पुडीत किती औषध गेले, हे घरी कळण्याचा मार्ग नाही. जास्त झाले तर मळमळ, उठताना चक्कर, भास किंवा अंगाच्या वेड्यावाकड्या हालचाली सुरू होतात. गोळी चालू असताना वर पूड घेतली तर मात्रा दुप्पटही होऊ शकते. दवाखान्यातल्या गोळीत लेव्होडोपाचे प्रमाण ठरलेले असते व सोबत कार्बिडोपा असते. त्यामुळे औषध वाटेत वाया न जाता मेंदूपर्यंत पोचते आणि मळमळही कमी होते.

आराम पडण्यासाठी

1. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. पेरणी-कापणीच्या घाईत चुकवू नये. डॉक्टरांना न विचारता एकदम बंद तर मुळीच करू नये.

2. डाळ, दूध, अंडी, मांस यांतील प्रथिने औषध शोषले जाण्यात आड येतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी. सुरुवातीला मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून सोबत थोडी भाकरी खावी. डाळ-दूध मात्र सोडू नये.

3. काळजी, राग व थकवा यांनी कंप वाढतो. चारचौघांत "हात का कापतो?" असे विचारू नये. पेला अर्धाच भरून द्यावा.

4. रोज चालावे. पाय जागीच अडला तर टाळ्यांच्या ठेक्यावर किंवा भजनाच्या तालावर पाऊल टाकावे. वारीत टाळाच्या ठेक्यावर पावले पडतात, तसेच हे आहे.

औषधाने आजार मुळासकट जात नाही. काहींचा कंप गोळीने पुरता थांबतही नाही. निवडक रुग्णांना मेंदूतील शस्त्रक्रियेचाही उपयोग होतो. त्याचा निर्णय तज्ज्ञच घेतात.

आपली मुलेबाळे नोकरीसाठी घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीला असतात. त्यांच्याकडे गेल्यावर परळच्या केईएम किंवा शीवच्या रुग्णालयात मज्जाविकार विभागात दाखवता येते. डॉ. भीम सिंघल यांनी 2001 साली मुंबईत स्थापन केलेली 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' रुग्णांचे व घरच्यांचे मेळावे घेते, व्यायाम शिकवते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे.

बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावतो. घरच्या माणसाचा हात कापू लागला तर वर्षभर वाट पाहू नये.