माझे नाव सोपान

माझे नाव सोपान. मी इयत्ता चौथीत आहे. आमच्या शाळेत या नावाचा मी एकटाच आहे. म्हणून मुले मला चिडवतात. माझे गणित चुकले की म्हणतात, "नाव सोपा आन् गणित अवघड!" मला लई राग येतो.

यंदा मी पाचवीला मोठ्या शाळेत जाणार. दाखल्यावर जे नाव लागते तेच पुढे राहते, असे दादा म्हणाला. म्हणून मी गुरुजींना म्हणालो, "गुरुजी, दाखल्यावर माझं नाव अमोल लिहा." गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "आधी तुझ्या नावाचा अर्थ शोधून आण. मग बघू."

मी शाळेच्या कपाटातला शब्दकोश काढला. सोपान हा संस्कृत शब्द आहे. त्याचा अर्थ जिना किंवा पायऱ्या. सोपा असा अर्थ कुठेच नव्हता.

मग मी आजीला विचारले. आजी सोपानकाकांच्या पालखीबरोबर सासवडहून पंढरपूरला चालत जाते. ती म्हणाली, "आरं, चार भावंडं व्हती. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आन् मुक्ताई. नावं वळीनं म्हणून बघ."

मी म्हणून बघितली. निवृत्ती म्हणजे हाव सोडून मागे फिरणे. ज्ञान म्हणजे खरे काय ते कळणे. सोपान म्हणजे वर जायच्या पायऱ्या. मुक्ता म्हणजे सुटलेली, मोकळी. ही चार नावे म्हणजे देवाकडे जायची वाट आहे, असे वारकरी मानतात. आजी म्हणाली, "मधल्या पायऱ्याच काढल्या तर मुक्ताईपर्यंत जाशील कसा?"

त्या भावंडांनाही लोकांनी फार चिडवले. त्यांचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन परत संसारात आले होते. म्हणून लोक त्यांना "संन्याशाची पोरं" म्हणत आणि वाळीत टाकत. तरी ती पोरे वाईट वागली नाहीत. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर महिन्याभराने सोपानदेवांनी सासवडला, कऱ्हा नदीच्या काठी समाधी घेतली.

गुरुजींनी मला आणखी एक सोपान सांगितले. ते म्हणजे कवी सोपानदेव चौधरी, बहिणाबाईंचे चिरंजीव. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्या काम करता करता गाणी म्हणत. मुलाने आणि त्याच्या एका भावाने ती लिहून ठेवली. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. नाहीतर आपल्याला ती गाणी मिळालीच नसती.

मी आजीला विचारले, "पण माझंच नाव असं का ठेवलं?" आजी म्हणाली, "तू झालास तवा पालखी सासवडातून निघत व्हती. मी वारीला न जाता तुझ्यापाशी राहिले. म्हणलं, सोपानकाकाच घरी आले." हे मला कुणी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारले, "काय मग, अमोल लिहू का?" मी म्हणालो, "नको गुरुजी, सोपानच राहू द्या."

मुले अजून चिडवतात. चिडवू द्या. मी त्यांना अर्थ सांगतो. मित्रांनो, तुम्ही पण घरी आजी-आजोबांना आपल्या नावाचा अर्थ विचारा.